बंद सीमा, चालू व्यापार : इस्राएल आणि शेजारी देशांची देवाणघेवाण

दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद असलं, तरी विहीर एकच असेल तर पाणी भरायला दोघांनाही यावंच लागतं. देशांचंही तसंच आहे. तह झालेला नसतो, वकिलाती नसतात, नाक्यावर बंदुका असतात. तरी भाजी, फळं, कापड, पाणी, गॅस या वस्तू कुठून ना कुठून वाट काढतात. अरब लीगने १९४५ साली ज्यू मालावर बहिष्कार जाहीर केला आणि राष्ट्र स्थापन झाल्यावर तो इस्राएलवर चालू राहिला. त्या बहिष्कारातून व्यापाराच्या वाटा कशा निघाल्या आणि त्यांनी काय साधलं, याची ही माहिती.

यार्देन नदीवरचे पूल

१९६७च्या युद्धानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. शेतात माल तयार, पण नेहमीची बाजारपेठ अम्मानला, नदीपलीकडे. पुलांची मोडतोड झालेली. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, म्हणून ट्रक सरळ नदीपात्रातून जाऊ लागले. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी हे अडवलं नाही. उलट त्यालाच धोरणाचं रूप दिलं. ‘उघडे पूल’ म्हणून ते ओळखलं जातं. अॅलनबी आणि दामिया या दोन पुलांवरून माल आणि माणसं जाऊ-येऊ लागली. लक्षात घ्या, जॉर्डनशी तह झाला तो २६ ऑक्टोबर १९९४ला. म्हणजे सत्तावीस वर्षं कागदोपत्री युद्ध चालू होतं आणि भाजीचे ट्रक पुलावरून जात होते.

गोलानची सफरचंदं

सीरियाशी तर आजही तह नाही. तरी २००५पासून गोलानमधल्या द्रूझ शेतकऱ्यांची सफरचंदं कुनेत्राच्या नाक्यावरून सीरियात जाऊ लागली. दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून मध्यस्थी रेड क्रॉसने केली. त्यांचे ट्रक माल पलीकडे पोचवून परत येत. काही हंगामांत हजारो टन फळ गेलं. सीरियात यादवी पेटली आणि ही वाट बंद झाली.

शिवणकामाचे कारखाने

सर्वांत मोठा प्रयोग कापडधंद्यात झाला. १९९६ साली अमेरिकेने कायदा केला, की जॉर्डन किंवा इजिप्तमधल्या ठरावीक औद्योगिक वसाहतींत तयार झालेला माल अमेरिकेत जकातीशिवाय येईल. एक अट अशी : त्या मालात इस्राएलचा ठरावीक वाटा हवा. जॉर्डनसाठी हा वाटा साधारण ८ टक्के ठरला. १९९८ साली इरबिदजवळची अल-हसन वसाहत पहिली म्हणून मान्य झाली.

प्रत्यक्षात व्हायचं असं : दोरा, चेन, बटणं, रंग किंवा कापड इस्राएलमधून जायचं, शिवण इरबिदला व्हायची आणि तयार कपडे अमेरिकेच्या दुकानांत लागायचे. १९९८ साली जॉर्डनचा अमेरिकेला जाणारा माल दोन कोटी डॉलरपेक्षाही कमी होता. २००४ साली तो शंभर कोटींच्या वर गेला.

इजिप्तने बरीच वर्षं नकार दिला. पण १ जानेवारी २००५पासून जगभरचे कापडाचे कोटे उठणार होते आणि चीनच्या स्वस्त मालापुढे आपल्या गिरण्या टिकणार नाहीत, अशी तिथे धास्ती होती. १४ डिसेंबर २००४ला कैरोत सह्या झाल्या. इस्राएलचा वाटा ११.७ टक्के ठरला, २००७ साली तो १०.५ टक्क्यांवर आला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दिमोनासारख्या गावांत कापड गिरण्या हाच कित्येक घरांचा आधार होता, आपल्या लोकांपैकीही बऱ्याच जणांचा. १९९१पासून सरकारने आयातीवरची बंधनं सैल केली, स्वस्त माल येऊ लागला. त्यात शिवणकाम सीमेपलीकडे कमी मजुरीवर होऊ लागलं. शांततेच्या नावाने जो धंदा वाढला, त्याची किंमत काही प्रमाणात दक्षिणेतल्या कामगारांनी मोजली. पलीकडेही सगळं गोड नव्हतं. जॉर्डनच्या कारखान्यांत बांगलादेश, श्रीलंका, भारत इथून आणलेले बरेच मजूर होते. त्यांच्या हालअपेष्टा २००६ साली उघड झाल्या, मग तपासणीची व्यवस्था बसवावी लागली.

पुढे जॉर्डनचा अमेरिकेशी स्वतंत्र करार पूर्ण लागू झाला आणि इस्राएलच्या वाट्याची गरजच उरली नाही. इजिप्तमध्ये मात्र ही पद्धत चालू राहिली.

पाणी आणि गॅस

१९९४च्या तहातच पाण्याचा हिशेब आहे. जॉर्डनकडे पाण्याची फार टंचाई, म्हणून इस्राएलने दरवर्षी पाणी द्यायचं ठरलं. २०२१ साली आणखी ५ कोटी घनमीटर पाणी विकण्याचा करार झाला. जानेवारी २०२०पासून लेवियातान क्षेत्राचा गॅस जॉर्डन आणि इजिप्त दोघांकडे जाऊ लागला. एके काळी इजिप्तचा गॅस इस्राएलला येत होता. आता नळी तीच, दिशा उलटी. कैरोतल्या पूर्व भूमध्य गॅस मंचात इस्राएल, इजिप्त, जॉर्डन, सायप्रस, ग्रीस, इटली आणि पॅलेस्टिनी प्रशासन एकाच टेबलाला बसतात.

पण राजकारण तापलं की व्यापाराला झळ लागतेच. जॉर्डनने सौरवीज द्यायची आणि इस्राएलने गोडं केलेलं समुद्राचं पाणी द्यायचं, असा बेत २०२१ साली अमिरातीच्या मदतीने ठरला होता. नोव्हेंबर २०२३मध्ये, गाझाचं युद्ध चालू असताना, जॉर्डनने त्यावर सही करायला नकार दिला. गॅसचे करार मात्र तुटले नाहीत. जे दोघांनाही रोज लागतं, ते शेवटी तुटतं, असं दिसतं.

मुंबईची वाट

आपल्या लोकांना हे सर्वांत जवळून कळलं ते विमानात. एल आलचं मुंबईचं विमान वर्षानुवर्षं अरबस्तानाला वळसा घालून जायचं. मार्च २०१८मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-तेल अवीव विमानाला सौदी आकाशातून जायला मिळालं. २०२२ साली सौदीने आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ओमानने इस्राएली विमानांनाही वाट दिली, आणि मुंबईचा प्रवास दोन तासांहून जास्त कमी झाला. वयस्कर माणसाला दोन तास म्हणजे काय, हे सांगायला नको.

सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीला भारत, अमिराती, सौदी, जॉर्डन, इस्राएल आणि युरोप जोडणाऱ्या व्यापारी मार्गाची घोषणा झाली. त्याआधी जानेवारीत हैफा बंदर भारतातल्या अदानी समूहाने इस्राएली भागीदारासह विकत घेतलं होतं. घोषणेनंतर महिनाभरातच युद्ध पेटलं आणि काम मंदावलं.

काय साधतं, काय नाही

वरच्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी दिसते. जिथे दोन्हीकडच्या साध्या माणसाला रोजचा फायदा झाला आणि कुणीतरी तिसरा जामीन राहिला, कधी रेड क्रॉस, कधी अमेरिका, तिथे वाट टिकली. जामीनदार हटला किंवा गरज संपली, की वाटही आटली. व्यापाराने तह होत नाही. पण एलातच्या हॉटेलांत काम करायला रोज सकाळी अकाबाहून येणारा आणि संध्याकाळी घरी परतणारा जॉर्डनचा माणूस पलीकडच्या लोकांना नावाने ओळखतो. एवढी ओळख नुसत्या कुंपणाने झाली नसती.