सिरोंचाला समुद्र येणार होता

साल १८६२. चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, बंडीत हाडं खिळखिळी करून घेत तुम्ही सिरोंचाच्या घाटावर उतरता. वैशाखाचं ऊन. समोर प्राणहितेचं पात्र एवढं रुंद, की पलीकडचे लोक मुंग्यांसारखे दिसतात. पाणी मात्र एका कडेला. बाकी रेती आणि काळे खडक. पलीकडे निजामाचा मुलूख, अलीकडे राणीच्या सरकारचा. थोडं खाली प्राणहिता गोदावरीला मिळते.

"आगबोट कुठं लागते?" तुम्ही विचारता.

गाडीवान बैल सोडता सोडता म्हणतो, "पानी असन तं येईन, बाप्पा. आता कोठं पानी?"

प्रश्न वेडगळ नाही. याच आगबोटीपायी हे आडरानातलं गाव जिल्ह्याचं ठाणं झालंय. १८६० च्या तहात निजामानं गोदावरीच्या डाव्या काठचा मुलूख सोडला, नदीवरची जकातही उठली आणि अप्पर गोदावरी जिल्हा उभा राहिला. डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड इथूनच कारभार पाहतो. घाटाजवळ रचलेल्या सागाच्या ओंडक्यांवर हात ठेवा. उन्हानं तापलेत, कुऱ्हाडीचे घाव अजून पिवळेधमक आहेत.

आगबोटीची कल्पना इंजिनिअर आर्थर कॉटनची, राबवणारा कॅप्टन हेग. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस नदीनं थेट पूर्व समुद्राला न्यायचा. अमेरिकेत यादवी पेटलीय, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्यात, म्हणून घाई. आडवे येतात नदीतले खडकांचे तीन पट्टे: दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि वर अहेरीकडे देवलमरी. खडकाला वळसा घालून कालवे खणायचे, दारांनी पाणी अडवून बोटी चढवायच्या. कागदावर सोपंच.

घाटावर चार वर्षांमागची गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही. मोलमपल्लीचा बाबुराव शेडमाके सरकारवर उठला. चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीतले दोन गोरे मारले गेले. पुढं अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी त्याला पकडून दिलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. नदीवर बोटी चालवायच्या, तर काठावरचं रान आधी मुकाट हवं होतं. हेगच्या नकाशापेक्षा हा हिशेब मला जास्त खरा वाटतो.

आता वर्षं भराभर उलटू द्या. कॉलरा आणि तापानं मजूर पळतात. १८६५ ला अमेरिकेतली लढाई थांबते. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोहोचते. आता कापसाला नदी कशाला? १८७१ मध्ये कामं बंद. १८७४ मध्ये जिल्हाच मोडतो आणि सिरोंचा चांद्याची तहसील होते. ग्लासफर्डचं नाव तेवढं तालुक्यातल्या ग्लासफोर्डपेठा गावाला चिकटून राहतं.

पुन्हा घाटावर या, २०१९ नंतरच्या. कॉटनला हवं होतं तसं पाणी अखेर अडलं, निदान २०२३ पर्यंत. खाली मेडीगड्डाला तेलंगणानं बॅरेज बांधलंय, त्यांच्या शेतीसाठी. अलीकडच्या शेतात पुराचं पाणी चढतं, तेव्हा सिरोंचाचे शेतकरी मोबदल्याचे अर्ज घेऊन निघतात. १८६० मध्ये जिल्ह्याची कचेरी गावातच होती. आता ती गडचिरोलीला, सुमारे दोनशे किलोमीटरवर.