मर्यादवेलीची रेषा : गोव्याचे किनारे आणि पर्यटन

गोव्याची किनारपट्टी उत्तरेस तेरेखोलपासून दक्षिणेस काणकोण तालुक्यातील पोळेपर्यंत पसरली आहे. रूढ मोजणीनुसार तिची लांबी सुमारे १०५ किलोमीटर भरते. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या राज्यात पर्यटन हा उपजीविकेचा एक प्रमुख आधार असून, या व्यवसायाचे मूळ भांडवल म्हणजे समुद्र आणि वस्ती यांच्यामधला वाळूचा अरुंद पट्टा होय. हा पट्टा जमिनीसारखा स्थिर नसतो. तो दरवर्षी झिजतो आणि दरवर्षी भरून निघतो. ही भरपाई होऊ देणे वा न देणे मात्र मोठ्या प्रमाणात माणसाच्या हाती आहे.

किनाऱ्याची घडण

तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्यांच्या मुखांनी गोव्याचा किनारा विभागला आहे. त्यामुळे प्रत्येक भागाची प्रकृती वेगळी आहे. पेडणे तालुक्यात केरी, हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी हे लांब, सपाट किनारे आहेत. शापोरा ओलांडून बार्देशात शिरले की वागातोर व हणजूण येथे तांबूस जांभा दगडाचे कडे पाण्यापर्यंत येतात. त्यापुढे बागा, कळंगुट, कांदोळी आणि सिकेरी असा अखंड पट्टा आग्वाद किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जातो. दक्षिणेस सासष्टीच्या बाजूने वेळसांव ते मोबोर ही वाळूची सलग रेषा २० किलोमीटरांहून अधिक लांब आहे. माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का आणि केळशी ही गावे याच रेषेवर वसली आहेत. काब द रामच्या पलीकडे पुन्हा डोंगर समुद्राला भिडतात आणि आगोंद, पाळोळे, पाटणे, गालजीबाग असे लहान लहान किनारे लागतात.

वाळूचे वर्षचक्र

नैर्ऋत्य मोसमी वारे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास गोव्यात दाखल होतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात. ही वाळू नाहीशी होत नाही. काही अंतरावर पाण्याखाली तिचे दांडे तयार होतात आणि पाऊस सरल्यावर मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. ऑगस्टमध्ये उतरता व अरुंद दिसणारा किनारा जानेवारीत रुंद आणि सपाट दिसतो, तो यामुळे.

किनाऱ्यामागील वाळूच्या टेकड्या हा या व्यवहारातला राखीव साठा असतो. मोठ्या वादळात लाटा या टेकड्यांची वाळू घेतात आणि मागची वस्ती, शेते व विहिरी वाचतात. टेकडी वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून तिला धरून ठेवण्याचे काम वनस्पती करतात. त्यांत अग्रभागी असते ती मर्यादवेल. आपट्यासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळट फुले असलेली ही वेल भरतीरेषेच्या वर पसरते. तिची मुळे पेरापेरांतून वाळूत रुजतात. तिच्या आधाराने वाळू साठते, मग काटेरी गवत येते, त्यामागे झुडपे आणि शेवटी झाडे. समुद्राची हद्द जिथे संपते तिथे ही वेल उभी, असे तिचे नावच सांगते. टेकडी सपाट करून तिथे बांधकाम, वाहनतळ किंवा खुर्च्यांच्या रांगा आल्या की पहिला बळी या वेलीचा जातो, आणि नंतर वाळूचा.

या व्यवहारात अडथळा आला तर काय होते, याचे उदाहरण कांदोळीने एका तपापर्यंत डोळ्यांसमोर पाहिले. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यालगत रुतले. ते हटवण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. रुतलेल्या सांगाड्यामुळे लाटा व वाळू यांची नेहमीची हालचाल बदलली आणि लगतच्या किनाऱ्याची धूप हा गावाच्या चिंतेचा विषय बनला.

खाऱ्या पाण्यातील स्नानापासून चार्टर विमानापर्यंत

किनाऱ्यावर सुट्टी घालवण्याची प्रथा गोव्यात परदेशी पाहुण्यांनी आणली, असा समज आहे. वास्तविक मे महिन्यात आतल्या गावांतील कुटुंबांनी समुद्रकाठी मुक्काम करून खाऱ्या पाण्यात स्नान करण्याची चाल जुनी आहे. सांधेदुखीवर व त्वचाविकारांवर हे पाणी गुणकारी, अशी श्रद्धा त्यामागे होती. मात्र किनारा ही तेव्हा प्रामुख्याने रापणकारांची कामाची जागा होती. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून ते दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढण्याच्या रापण पद्धतीला माणसांचा मोठा समूह आणि मोकळी वाळू दोन्ही लागत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात हिप्पी प्रवासी प्रथम कळंगुट व नंतर हणजूण परिसरात दिसू लागले. हणजूणचा बुधवारचा बाजार ही त्या काळाची खूण आजही शिल्लक आहे. १९७४ मध्ये आग्वाद येथे ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले. १९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांची दिल्लीतील परिषद सुरू असताना त्यांचा विश्रांती-मुक्काम तिथेच झाला आणि गोव्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत पोचले. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि देशी पर्यटकांसाठी गोवा एका रात्रीच्या प्रवासावर आला. दाबोळीच्या जोडीला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी उड्डाणे सुरू झाली. आज येणाऱ्या पर्यटकांत देशी पाहुण्यांचे प्रमाण विदेशी पाहुण्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

या वाटचालीत विरोधाचेही स्थान आहे. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. पुढे १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस चार्टर पर्यटनाविरुद्धही रस्त्यावर निदर्शने झाली. किनारा कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून गोव्याच्या सार्वजनिक जीवनातून कधी हटला नाही.

कायद्याने आखलेली रेषा

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग बांधकामांपासून मोकळा ठेवण्यास सांगितले. या विचाराला १९ फेब्रुवारी १९९१च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने, म्हणजे सर्वपरिचित ‘सीआरझेड’ने, कायदेशीर रूप दिले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा तीत ना-विकास क्षेत्र ठरला. २०११ व २०१९ मध्ये या अधिसूचनेची नवी रूपे आली. २०११च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. वाळूच्या टेकड्या, खाजन जमिनी आणि कासवांच्या विणीच्या जागा यांना तीत संरक्षण मिळाले. त्याचबरोबर सप्टेंबर ते मे या काळात तात्पुरते शॅक उभारण्याची मुभाही देण्यात आली.

शॅक या व्यवस्थेचे तत्त्व साधे आहे. बांबू, लाकूड आणि माडाच्या झावळ्या यांनी उभारलेले हे उपाहारगृह हंगाम संपताच उतरवले गेले पाहिजे. पावसाळ्यात समुद्राला आपली वाळू न्यायला आणि आणायला जागा मोकळी मिळावी, हा त्यामागचा हेतू. पर्यटन खाते ठरलेल्या संख्येने शॅकना परवाने देते. किनारी गावांतील अनेक कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न या हंगामावर अवलंबून असते. म्हणूनच काँक्रीटचा पाया घालून कायम होऊ पाहणारा शॅक निसर्गाचे नुकसान करतोच, शिवाय नियम पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या पोटावरही पाय देतो.

कासवांचे पाहुणचार

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा त्यांचा काळ. मादी रात्री वर येऊन वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात व समुद्राच्या उजळ क्षितिजाकडे धावतात. मागच्या बाजूला प्रखर दिवे असतील तर ती उलट दिशेने जातात आणि मरतात. विणीचा काळ आणि पर्यटनाचा ऐन हंगाम नेमके एकत्र येतात. त्यामुळे या किनाऱ्यांवर रात्रीचा प्रकाश, मोठा आवाज, वाहने आणि खुर्च्या यांवर निर्बंध असतात. १९९०च्या दशकात मोरजीत वनखात्याने स्थानिकांच्या साहाय्याने घरट्यांची राखण सुरू केली. अंडी गोळा करणाऱ्या गावात अंडी राखणारे लोक तयार झाले, हे त्या कामाचे खरे यश.

पावसाळा आणि बुडण्याचा धोका

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्या काळात मच्छीमारही समुद्रात जात नाही, त्या काळात परगावचा पाहुणा पाण्यात उतरतो आणि दुर्घटना घडतात. किनाऱ्यांवर २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षक सेवा कार्यरत आहे. लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरू नये. लाल-पिवळ्या बावट्यांमधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखालचा.

सर्वांत फसवा असतो तो आत ओढणारा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी वाळूच्या दांड्यातील एखाद्या फटीतून वेगाने परत जाते. त्या जागी लाटा कमी फुटतात, म्हणून अनोळखी माणसाला तीच जागा शांत वाटते. अशा प्रवाहात सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टहास करू नये. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. मद्यपान करून आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरणे कोणत्याही ऋतूत घातक ठरते.

पाणी, कचरा आणि गाव

किनारी गावांची तहान पूर्वी विहिरींवर भागत असे. वाळूखालचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरते. उपसा वाढला की खारे पाणी पुढे सरकते आणि विहीर निरुपयोगी होते. यासाठी २००२ मध्ये भूजल नियमनाचा कायदा करण्यात आला. घनकचऱ्यासाठी साळगाव येथील प्रक्रिया प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा २००१चा असून २०१९च्या दुरुस्तीने उघड्यावर मद्यपान करणे व स्वयंपाक करणे दंडनीय ठरले. पावसाळ्याच्या तोंडावर वाळूवर येणारे डांबरी गोळे मात्र भरसमुद्रातील जहाजांच्या तेलातून येतात. त्यांवर गावाचा कोणताही इलाज चालत नाही.

म्हणूनच ज्यांवर इलाज चालतो, त्या गोष्टींचे मोल अधिक आहे. टेकडी न सपाट करणे, शॅक वेळेत उतरवणे, कासवांच्या किनाऱ्यावर दिवे मंद ठेवणे, विहिरीचा उपसा आवरणे ही कामे ग्रामपंचायत, व्यावसायिक आणि पाहुणा यांच्या आवाक्यातली आहेत. मर्यादवेल जिथे तग धरून आहे, तिथे किनारा अजून आपली भरपाई स्वतः करतो. जिथे ती उपटली गेली, तिथे पुढे दगडी बांध घालावे लागतात, आणि बांधाने जमीन वाचली तरी त्याच्यासमोरची वाळू वाचेलच असे नाही.