मंत्रालयाला भीती कोणाची?

मुंबईत ओव्हल मैदानासमोर १८७४ साली उभं राहिलेलं जुनं सचिवालय आज सत्र न्यायालय म्हणून ओळखलं जातं. कर्नल विल्किन्स यांनी आखलेल्या त्या दगडी इमारतीत राज्यकारभार मावेनासा झाला, तेव्हा १९५५ मध्ये सध्याची इमारत आली. तिचंही नाव आधी सचिवालयच होतं. १९७५ मध्ये शंकरराव चव्हाणांनी ते बदलून ‘मंत्रालय’ केलं. कारभार सचिवांचा नसून लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांचा आहे, असं त्यातून सांगायचं होतं. निवडून देणारे लोक मग तिथे येणार, हे ओघानं आलंच.

लोक आले, खाती वाढली, जागा मात्र तेवढीच राहिली. सरकारी कचेरीत जागा कशी वाढते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन, वर फॉल्स सीलिंग, एसीसाठी ओढलेली आणखी एक वायर आणि बाहेर पॅसेजमध्ये फायलींची कपाटं. साहेबाला केबिन मिळते, कारकुनाला कोपरा.

२१ जून २०१२ च्या दुपारी पावणेतीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर चढत गेली. सहाव्या मजल्यावरचं मुख्यमंत्र्यांचं कार्यालयही जळालं. पाच माणसं गेली. त्यांच्यात कामासाठी बाहेरगावाहून आलेलेही होते. गच्चीवरचा तिरंगा कर्मचाऱ्यांनी जपला, त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. ‘आदर्श’च्या फायली जाळण्यासाठीच हे केलं, अशी कुजबूजही भरपूर झाली, त्या फायली तर आधीच सीबीआयच्या ताब्यात गेलेल्या होत्या. पण या कुजबुजीत मूळ गोष्ट मागे पडली. सगळ्यात मोठा घात झाला तो आतूनच, लाकूड, कागद आणि वायरिंगमुळे. दारावरच्या पोलिसाला त्यात अडवण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर काही खाती जी. टी. रुग्णालयाच्या आवारात वगैरे विखुरली, कागद स्कॅन झाले, इमारत नव्यानं सजली. सुरक्षेचा रोख मात्र हळूहळू दुसरीकडे वळला.

जानेवारी २०१८ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या धुळे जिल्ह्यातल्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्यानं मंत्रालयातच विष घेतलं. काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात एका माणसानं वरून उडी मारून जीव दिला. मग मधल्या मोकळ्या चौकावर जाळी बसली. जाळीनं जीव वाचतात, तेव्हा ती नको असं कोणी म्हणणार नाही. पण एवढ्या झटपट निघालेला निकाल त्या इमारतीत दुसऱ्या कोणत्या फायलीला मिळाला असेल, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

जाळीचा पुढे वेगळाच उपयोग सुरू झाला. दाद लागत नाही म्हटल्यावर माणसं मुद्दाम तिच्यावर उड्या मारू लागली. २०२३ मध्ये अप्पर वर्धा प्रकल्पग्रस्तांनी तसं केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आदिवासींच्या मागण्यांसाठी त्याच जाळीवर उतरले. विधिमंडळातल्या घटनात्मक पदावरच्या, सत्तारूढ बाजूच्या माणसाला मंत्रालयात आपलं म्हणणं ऐकवायला जाळी लागली. मग तालुक्याहून एसटीनं आलेल्या माणसाची काय कथा!

२०२५ मध्ये दारावर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसली. अभ्यागताला ज्या खात्यात काम, तेवढ्याच मजल्यावर जायची मुभा मिळते. सुरक्षेच्या हिशेबात हे चोखच आहे. फक्त मंत्रालयातली फाईल एका मजल्यावर कधीच थांबत नाही. ती महसूलकडून वित्तकडे, तिथून विधी व न्यायकडे जाते आणि शेरा घेऊन पुन्हा महसूलकडे येते. तिच्यामागे आलेल्याला मात्र दर वेळी खाली उतरून नवा पास काढावा लागणार.