मुरूमप्रवण त्वचेसाठी प्रसाधनांची निवड

ज्या त्वचेवर मुरूम (तारुण्यपीटिका) वारंवार येतात, तिला मुरूमप्रवण त्वचा म्हणतात. अशा त्वचेसाठी फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मलम किंवा रंगभूषेचे साहित्य निवडताना तीन बाबी पाहाव्या लागतात: उत्पादनातील घटक, त्या घटकांचे प्रमाण आणि ते उत्पादन कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे की औषध. १२ ते २४ वर्षे वयोगटातील सुमारे ८५ टक्के व्यक्तींना कमीअधिक प्रमाणात मुरूम येतात, असा अंदाज आहे. हा विकार जीवघेणा नसला, तरी चुकीच्या उत्पादनाने, विशेषतः स्टिरॉइडयुक्त मलमाने, तो चिघळतो आणि चेहऱ्यावर दीर्घकाळ टिकणारे दुष्परिणाम राहतात.

कारणे

त्वचेतील केशपुटकाला जोडून तैलग्रंथी असते. पौगंडावस्थेत अँड्रोजेन संप्रेरकांच्या प्रभावाने तिचा स्राव वाढतो. केशपुटकाच्या मुखाशी मृत पेशी साचून ते बंद होते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. मुख उघडे राहिल्यास ब्लॅकहेड व बंद राहिल्यास व्हाइटहेड दिसतो. दाह वाढल्यावर लाल पुटकुळ्या, पूयुक्त फोड किंवा खोल गाठी होतात. ब्लॅकहेडचा काळा रंग मळामुळे नव्हे, तर त्यातील रंगद्रव्य व ऑक्सिडीकरण यांमुळे येतो. त्यामुळे चेहरा वारंवार घासून धुतल्याने मुरूम जात नाहीत. उलट त्वचेचे रक्षक आवरण दुखावते.

चेहरा धुण्याची साधने

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमीचा अंगाचा साबण अल्कधर्मी असून त्याचा सामू ९ ते १० असतो. अशा साबणाने त्वचा कोरडी पडते व औषधी मलमांची आग अधिक होते. म्हणून सौम्य, साबणविरहित क्लिन्झर दिवसातून दोन वेळा वापरणे पुरेसे मानले जाते. साबणाच्या वेष्टनावरील टीएफएमचा आकडा त्यातील एकूण स्निग्ध पदार्थाचे प्रमाण सांगतो. तो साबण मुरमांसाठी योग्य असल्याचे त्यावरून ठरत नाही. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका त्वचेवर उरतो. अशा ठिकाणी साबणविरहित क्लिन्झरचा अधिक उपयोग होतो. खरखरीत स्क्रब आणि उटण्याने जोराने चोळणे दाह असलेल्या मुरमांवर टाळावे लागते.

उपयुक्त घटक

सॅलिसिलिक आम्ल (०.५ ते २ टक्के) तेलात विरघळत असल्याने केशपुटकात उतरते व मृत पेशी सैल करते. ते ब्लॅकहेड व व्हाइटहेडसाठी उपयुक्त असते.

बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणूंचा नाश करते. त्याचे २.५ टक्के प्रमाण १० टक्क्यांइतकेच परिणामकारक व कमी दाहक आढळले आहे. त्याच्या स्पर्शाने टॉवेल व उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो.

अडापलीन व ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड वर्गातील औषधे केशपुटकाचे मुख बंद होऊ देत नाहीत. ती रात्री, कोरड्या त्वचेवर, संपूर्ण प्रभावित भागावर पातळ थरात लावतात. गर्भावस्थेत ती टाळतात.

ॲझेलाइक आम्ल मुरूम व त्यांमागून उरणारे काळे डाग या दोहोंवर उपयोगी पडते. निआसिनामाइडने दाह काही प्रमाणात कमी होतो.

क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक मलम एकटेच दीर्घकाळ वापरल्यास जिवाणूंमध्ये प्रतिरोध निर्माण होतो. म्हणून त्याला बेंझॉइल पेरॉक्साइडची जोड देतात.

यांपैकी कोणत्याही घटकाचा परिणाम दिसण्यास साधारणतः आठ ते बारा आठवडे लागतात. दर आठवड्याला उत्पादन बदलल्याने कशाचा गुण आला व कशाचा त्रास झाला हे कळत नाही. एका वेळी एकच नवे उत्पादन सुरू करून ते प्रथम कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहण्याची पद्धत आहे.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द

केशपुटके बंद न करणाऱ्या उत्पादनांवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ असे छापलेले असते. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचे वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन व मिल्स यांनी १९७२ मध्ये केले. त्या काळात घटकांची चाचणी सशाच्या कानावर घेत असत. सशाची त्वचा मानवी त्वचेहून अधिक संवेदनशील असल्याने त्या गुणांकनाला मर्यादा आहेत. या शब्दाची सर्वमान्य कसोटीही ठरलेली नाही. त्यामुळे तो उपयोगी संकेत असला, तरी हमी ठरत नाही. तेलकट त्वचेसाठी जेल किंवा पातळ लोशन सोयीचे असते. केसांना चोपडलेले खोबरेल तेल कपाळ व कानशिलांवर उतरल्यास तेथे बारीक मुरूम येऊ शकतात.

हवामान व राहणीमान: अकलूज परिसराचे उदाहरण

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील अकलूज हे नीरा नदीकाठचे शहर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यातील कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा हवेत घामामुळे त्वचा तेलकट भासली, तरी फेसवॉश व औषधी मलमांमुळे ती आतून कोरडी पडू शकते. म्हणून तेलविरहित मॉइश्चरायझर वगळणे योग्य ठरत नाही. सावळ्या व गव्हाळ त्वचेवर मुरूम बरा झाल्यावर काळा डाग राहतो आणि उन्हाने तो अधिक गडद होतो. त्यामुळे शेतात काम करणारे किंवा दुचाकीने महाविद्यालयात जाणारे यांच्यासाठी किमान एसपीएफ ३० चे जेल स्वरूपातील सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग असतो. उन्हापासून बचावासाठी चेहऱ्याभोवती घट्ट बांधलेला स्कार्फ व हेल्मेटचा पट्टा यांच्या घर्षणाने आणि घामाने गाल व हनुवटीवर मुरूम वाढू शकतात. सुती, सैल व रोज धुतलेला स्कार्फ अधिक सुरक्षित असतो.

अकलूज राज्यस्तरीय लावणी स्पर्धेसाठीही ओळखले जाते. लावणी, तमाशा व नाटक यांच्या रंगभूषेत तेलाधारित रंग व जाड फाउंडेशन तासन्‌तास चेहऱ्यावर राहतात. मुरूमप्रवण त्वचेच्या कलावंतांनी प्रयोगानंतर रंग पूर्ण उतरवून सौम्य क्लिन्झरने चेहरा धुणे आणि स्पंज व ब्रश स्वच्छ ठेवून ते इतरांना न देणे आवश्यक असते.

स्टिरॉइडयुक्त मलमांचा धोका

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन इत्यादी स्टिरॉइड असलेली मलमे चेहऱ्यावर लावल्यास काही दिवसांत लाली उतरते व रंग उजळल्यासारखा वाटतो. हाच परिणाम फसवा ठरतो. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे केस वाढतात व नवे मुरूम उठतात. मलम थांबवताच आग व लाली उसळते, त्यामुळे रुग्ण ते पुन्हा लावू लागतो. भारतातील १२ केंद्रांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, अशी मलमे वापरत असल्याचे आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचवली होती. मुरूम येणे किंवा असलेले वाढणे हा सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये, असा बदल नियमांत केला.

पारायुक्त क्रीमचा धोका वेगळा आहे. पारा त्वचेतून शरीरात शोषला जातो व मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे व त्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात उपचार झाले होते.

वेष्टनावरील माहिती

भारतात ही उत्पादने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कक्षेत येतात. प्रसाधनांसाठी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम मुदत व घटकांची यादी असणे आवश्यक असते. आयात मालावर नोंदणी क्रमांक असतो. वेष्टनावर लाल पट्टी किंवा ‘केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर’ अशा अर्थाची सूचना असल्यास ते उत्पादन औषध असते. घटकांची यादी नसलेली, सुट्या डबीतून विकली जाणारी किंवा आठवड्यात गोरेपणाचे आश्वासन देणारी क्रीम संशयास्पद समजली जातात. अशा उत्पादनांची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

घरगुती उपाय

लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. टूथपेस्ट व खाण्याचा सोडा यांनी दाह वाढतो. मुलतानी मातीने तेल तात्पुरते शोषले जाते, मात्र केशपुटकातील अडथळा दूर होत नाही. मुरूम फोडल्याने व्रण राहण्याची शक्यता वाढते.

वैद्यकीय सल्ल्याची गरज

खोल व दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागणे, बारा आठवड्यांत गुण न येणे, तसेच मुलींमध्ये अनियमित मासिक पाळी किंवा चेहऱ्यावर वाढलेले केस यांसोबत मुरूम असणे ही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याची लक्षणे आहेत. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. त्या केवळ वैद्यकीय देखरेखीखाली घेतात. स्टिरॉइड मलम दीर्घकाळ लावले असल्यास तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावे लागते आणि वापरलेल्या मलमाची रिकामी ट्यूब सोबत नेल्यास निदान सोपे होते. सोलापूर जिल्ह्यातील रुग्णांसाठी सोलापूर येथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे.