प्रवाहांत सोडलेली वही

तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहांत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्याच वर आल्या, ही आख्यायिका मराठी घरांतील लहान मुलासहि ठाऊक असते. तिच्या सत्यासत्यतेचा विचार येथें कर्तव्य नाहीं. परंतु लिहिलेलें अक्षर प्रवाहाच्या स्वाधीन करावें व तें जसेंच्या तसें परत मिळावें, ही जी उत्कंठा तींत आहे ती आज आपल्या नित्य व्यवहाराची झाली आहे. पत्र, हिशेब, कविता, सात-बाराचा उतारा, जें जें आपण संगणकांत लिहितों तें तें एका प्रवाहांतून जातें आणि प्रवाहांतूनच परत येतें. 'स्ट्रीम' हें त्याचें मूळ नांवच प्रवाहवाचक आहे. या प्रवाहाचा इतिहास इंद्रायणीच्याच माथ्याकडे, मावळांतील वलवण येथें उभें राहून पाहिला, तर तो अधिक सुबोध होतो असें आम्हांस वाटतें.

लोणावळ्याजवळच्या या गांवीं टाटांच्या जलविद्युत् योजनेचें धरण आहे. जमशेटजी टाटा १९०४ मध्यें निवर्तले. त्यांच्या मागें १९१० मध्यें कंपनी स्थापन झाली, १९११ मध्यें कोनशिला बसली आणि १९१५ मध्यें घाटाखालीं खोपोलीस वीज निर्माण होऊन ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. मावळांत पाऊस पडतो तो चार महिने, आणि तोहि बेभान. गिरणीस वीज लागते ती बारा महिने, आणि तीहि एकसारखी. या दोन विसंगत स्वभावांच्या मध्यें वलवण, लोणावळा व शिरवता येथील तलाव उभे केले गेले. तलावांतील पाणी कालव्यानें खंडाळ्यास आणि तेथून नळांनीं पांचशें मीटरांहून अधिक खालीं जातें. तें कोणत्या मेघाचें, आषाढांतलें कीं भाद्रपदांतलें, हें खोपोलीच्या चक्रास ठाऊक नसतें. नळांतून पाणी अखंड येतें, एवढेंच त्यास पुरतें.

संगणकांच्या प्रारंभकाळीं अशी सोय नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्यें पूर्ण झाला. त्यास माहिती पुरविली जाई ती छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून. अन्यत्र ८० रकान्यांचीं छिद्रित कार्डें चालत, कोठें चुंबकीय फिती. आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यास माहिती कोणत्या यंत्रावर आहे, एका नोंदीची लांबी किती, किती नोंदींचा एक गठ्ठा, हें सर्व बहुधा आधींच सांगावें लागे. साधन बदललें कीं हें सारें नव्यानें मांडणें आलें. चक्रानें प्रत्येक मेघाची कुंडली पाहावी, तसाच हा प्रकार होता.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं ऑक्टोबर १९६४ मध्यें एक छोटें टिपण केलें. बागेंत पाणी घालण्याची नळी जशी तुकड्यास तुकडा जोडून वाढवितां येते, तशा आज्ञावली एकमेकींस जोडतां याव्यात, असा त्याचा आशय होता. पुढें १९६९ मध्यें त्याच प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' ही व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. तींत फाइल म्हणजे बाइटांची एक सलग ओळ, याहून अधिक कांहीं मानलें नाहीं. कळफलक, पडदा, छपाईयंत्र हींहि फाइलीप्रमाणेंच उघडावयाचीं असें ठरलें. १९७३ मध्यें मॅकिलरॉय यांची नळीहि तींत बसविली गेली. युनिक्सबरोबर वाढलेल्या 'सी' भाषेंत हा प्रवाह रूढ झाला. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या 'सी प्लस प्लस' भाषेबरोबर १९८५ मध्यें प्रवाहांचें स्वतंत्र ग्रंथालय आलें, आणि जेरी श्वार्झ यांनीं नव्यानें रचलेलें त्याचें रूप १९८९ मध्यें प्रसृत झालें. तींत लिहिणें व वाचणें हें जोडबाणांच्या खुणेनें दाखवितात. बाणांचें टोंक ज्या बाजूस, त्या बाजूस मजकूर वाहतो. समोर फाइल आहे कीं पडदा, हें त्या ओळीस विचारावें लागत नाहीं.

या प्रवाहासहि वलवणसारखा एक तलाव लागतो. त्यास 'बफर' म्हणतात. तबकडीवर एकेक अक्षर लिहिणें फार संथ काम. म्हणून अक्षरें स्मृतींतील लहान सांठवणींत जमतात व ती भरली कीं एकदम पुढें सोडलीं जातात. यांत सोय आहे तसा धोकाहि आहे. सांठवण रिती होण्यापूर्वीं वीज गेली, तर लिहिल्यासारख्या वाटणाऱ्या शेवटच्या ओळी कोठेंच उरत नाहींत. म्हणूनच उघडलेला प्रवाह काम संपतांच बंद करावा असा दंडक आहे. बंद करतांना उरलेलें सर्व खालीं सोडलें जातें. दुसरा धोका याहून क्रूर. जुनी फाइल साध्या रीतीनें लिहिण्यासाठीं उघडली, तर आधींचा मजकूर न विचारतां पुसला जातो. शेवटीं भर घालावयाची असेल तर तसें स्पष्ट सांगावें लागतें. एक ओळ वाढवावयास गेलेला नवशिका वर्षाची वही कोरी करून बसतो, तो असा.

इतकें करूनहि प्रवाहास एक गोष्ट येत नाहीं: त्यास वाचतां येत नाहीं. त्यांतून वाहतात ते केवळ ० ते २५५ पर्यंतचे अंक. कोणता अंक कोणत्या अक्षराचा, हा लिहिणारा व वाचणारा यांमधील करार आहे, आणि तो प्रवाहाबाहेर करावा लागतो. इंग्रजीपुरता असा एक करार अमेरिकेंत १९६३ मध्यें झाला. भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' हा संकेत भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें प्रमाण ठरविला, आणि त्यावर चालणारीं साधनें पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें पुरविलीं. त्याच वर्षीं जगांतील लिप्यांसाठीं 'युनिकोड' निघाला. त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पूर्वरूपावर बेतलेली आहे. १९९२ मध्यें याच थॉम्प्सन यांनीं रॉब पाइक यांच्यासह 'यूटीएफ-८' ही पद्धति रचली. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'व' म्हणजे २२४, १६४, १८१. 'वलवण' हीं चार अक्षरें म्हणजे बारा बाइट. 'लोणावळा' मात्र काना-मात्रा धरून सात चिन्हांचें, म्हणून एकवीस. आतां सांठवण ४०९६ बाइटांची असली व तींत सलग देवनागरी चिन्हेंच आलीं, तर ४०९६ ला तिनानें भागून एक उरतो. म्हणजे शेवटचें चिन्ह मधोमध तुटतें. हें ध्यानीं न घेणाऱ्या आज्ञावलीनें मराठी मजकुराचे असे लचके अनेकदां तोडले आहेत.

खरी हानि मात्र वेगळीच आहे. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वीं प्रत्येक टंकसंचाचा करार निराळा होता. त्या काळीं जुळविलेल्या मराठी फाइली आज उघडल्या तर एकहि बाइट हरवलेला नसतो, आणि एकहि शब्द लागत नाहीं. पडद्यावर रोमन अक्षरांचा केर दिसतो. असा प्रसंग आपल्या लिपीवर पूर्वींहि आला होता. लेखणी फारशी न उचलतां वाहत्या हातानें लिहिलेली मोडी आज किती जणांस वाचतां येते? वलवणच्याच पंचक्रोशींतील कामशेतास राहून गेलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेले पेशवे दफ्तरांतील वेंच्यांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. कागद पुण्यांत सुरक्षित होतेच. मोडी जाणणारी माणसें हाताशीं होतीं, म्हणून ते बोलते झाले.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशा जुन्या फाइली असतील, त्यांनीं त्या कोणत्या टंकसंचांत लिहिल्या हें आठवतें तोंवरच त्या युनिकोडमध्यें उतरवून घ्याव्यात. तशीं परिवर्तकें उपलब्ध आहेत. आठवणारीं माणसें मात्र कायम असणार नाहींत. देहूस वह्या वर आल्या, तेव्हां त्या वाचणारे कांठावर उभे होते.