डॉ. चिंतामण गोविंद पंडित आणि दिल्लीची कावीळ

दिल्लीतील मराठी माणसांची आठवण निघाली की राजकारणी, सनदी अधिकारी व पत्रकार यांची नावे चटकन ओठांवर येतात. डॉ. चिंतामण गोविंद पंडित हे नाव त्या मालिकेत क्वचितच ऐकू येते. १८९५ साली जन्मलेल्या या मराठी वैद्याने साथरोगांच्या अभ्यासाला स्वतंत्र भारतात संस्थेचे रूप दिले, आणि ते काम त्यांनी याच शहरात बसून केले.

त्यांची उमेदवारी झाली ती मात्र दूर दक्षिणेत, मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये. हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांना रक्तातील पांढऱ्या पेशी कशा चिकटतात, याविषयीचा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध १९२९ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले, तेव्हा पहिल्या संचालकपदी त्यांचीच योजना झाली.

पुढील पंधरा वर्षांचा हिशेब मोठा आहे. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पीतज्वराच्या शंकेने सर्वांचे धाबे दणाणले होते. तो गोचिडीमार्फत पसरणारा निराळाच रोग असल्याचे या केंद्राने दाखवून दिले. १९५५ ते १९५८ या काळातील क्षयरोगाच्या पाहणीने, हा शहरांचा रोग आहे, ही समजूत मोडीत काढली. खेड्यांतही तो जवळजवळ तेवढाच आढळला. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रयोगात घरी राहून औषध घेणारे क्षयरोगी आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात असे दिसले. ज्या देशात खाटा मूठभर आणि रोगी अगणित, तेथे या निष्कर्षाचे मोल कशाने करावे?

पण दिल्लीकरांना जवळची वाटेल अशी कथा काविळीच्या साथीची. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नोव्हेंबरात नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी घेण्याच्या ठिकाणी शिरले. जलखात्याने क्लोरीनची मात्रा वाढवली. विषमज्वर फारसा वाढला नाही, त्यामुळे संकट टळले असे वाटले. मग डिसेंबरात घरोघरी डोळे पिवळे होऊ लागले. पाहणीअंती काविळीच्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० निघाली. गरोदर स्त्रियांना हा रोग विशेष घातक ठरला, हेही तेव्हाच नोंदले गेले.

या साथीचा अभ्यास म्हणजे साथरोगशास्त्राचा वस्तुपाठच. दूषित पाणी नळाला कधी आले ते ठाऊक होते. त्यामुळे पाणी पोटात गेल्यापासून रोग उमटेपर्यंत साधारण किती दिवस लागतात, हे मोजता आले. परिषदेच्या संशोधन-नियतकालिकाने जानेवारी १९५७ मध्ये या साथीवर खास पुरवणी काढली. वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेचे डॉ. आर. विश्वनाथन यांचा त्यातील वाटा मोठा. संचालकांच्या खुर्चीची खरी कसोटी अशा वेळी लागते. प्रयोगशाळेतील शोधाला नाव मिळते. पण कोणी कुठले पाणी प्यायले याच्या घरोघर जाऊन केलेल्या नोंदी शासनाच्या खर्चाने व्हाव्यात आणि छापून जगापुढे याव्यात, यासाठी झटणाऱ्याचे नाव सहसा मागे राहते.

पंडित १९६४ मध्ये परिषदेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले.

दिल्लीच्या त्या रुग्णांच्या रक्तातील द्रव मात्र जपून ठेवलेला होता. १९८० साली त्याची नव्या कसोट्यांनी तपासणी झाली. तपासणाऱ्यांत पुण्याच्या विषाणू संस्थेच्या डॉ. पावरीही होत्या. पंचवीस वर्षे सर्वजण जिला ‘अ’ प्रकारची कावीळ समजत होते, ती तशी नव्हतीच. त्या विषाणूला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले.