बंद पिशवी

पॅरिस, १७९९चा हिवाळा. शवविच्छेदनाच्या खोलीत तुम्ही तोंडाने श्वास घेताय, कारण नाकाने घेववत नाही. थंडीत प्रेतं जरा जास्त टिकतात, म्हणून ही कामं याच दिवसांत. टेबलावर कुणी बेवारस गरीब. त्याच्यापुढे आधी मान झुकवा. इथलं सगळं ज्ञान अशाच देहांतून आलंय.

शेजारी शरीररचनेचा अभ्यासक डॉक्टर झाव्हिए बिशा, वय २८. हातात सुरी. सूक्ष्मदर्शक नाही, त्यावर त्याचा विश्वासच नाही.

छाती उघडलेली आहे. तो खुणावतो, तुम्ही हात घालता. बरगड्या आणि फुफ्फुस यांच्यामधून बोटं सरकत जातात, ओलसर, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला मात्र फुफ्फुस बरगड्यांना घट्ट चिकटलंय. जुन्या दाहाची खूण.

आता पोट. आतड्यावरचा चकचकीत पापुद्रा धरून मागे मागे जा. तो पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो, वळतो, पोटाच्या भिंतीला आतून अस्तर लावतो आणि फिरून आतड्यावरच येतो. कडा सापडतच नाही, कारण ही बंद पिशवी आहे. (स्त्रीच्या शरीरात गर्भनलिकांची तोंडं तिच्यात उघडतात, तेवढा अपवाद.) आणि आतडी पिशवीच्या आत नाहीतच! बिशा दाखला देतो झोपताना घालायच्या दुहेरी टोपीचा: डोकं टोपीत असतं, पण तिच्या दोन थरांमध्ये नसतं.

हृदयाभोवती हेच पटल, फुफ्फुसाभोवती हेच. तोंडापासून गुदापर्यंतचं अस्तर वेगळ्या जातीचं: बाहेरच्या हवेशी जोडलेलं, चिकट स्राव सोडणारं. डॉक्टर पिनेलने १७९८ मध्ये दाहाचे प्रकार पटलांवरून लावले होते. बिशा ते धरून इथे पोचलाय: आजार अख्ख्या अवयवाला होतो असं नाही, त्याच्या एका थराला होतो; आणि तोच थर दुसरीकडे असेल तर आजाराची रीतही तीच. माझ्या मते आधुनिक वैद्यकाचं हे सर्वांत मोठं वळण. १८०१ मध्ये तो शरीरात २१ ऊतकं मोजेल, १८०२ मध्ये तिशीतच जाईल.

आता तुम्ही आजच्या काळात परत या. पोटदुखीत डॉक्टर पोट हळूहळू दाबून एकदम हात काढतात, तेव्हा ते पोटातल्या त्या बंद पिशवीचंच पटल तपासत असतात. हात काढताना कळ आली तर ती लपवू नका, लगेच सांगा.